झोपलेल्या जनावराची शिकार

मी पदवीधर झालो तो थोरल्या बहिणीमुळे, शांताअक्कामुळे. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात दारू भरून तिने मला धाराशिवला शिकवलं.

परवा मुलाने लवंगी माळ लावली आणि त्या वासाने कॉलेजातली भाड्याची खोली आठवली. मित्राच्या कॉम्प्युटरवर राक्षसी जनावरांच्या शिकारीचा खेळ मी पहिल्यांदाच खेळत होतो. खेळ फार देखणा होता. जनावराचे खवले उन्हात चमकायचे, घाव बसला की ते खरंच कळवळायचं. अर्धा तास मार खाऊन ते लंगडत गुहेत गेलं आणि झोपलं.

"आता उशाशी दारूचं पिंप ठेव," मित्र म्हणाला.

डबा घेऊन आलेली अक्का दारातून बघत होती. "झोपलंय रं ते. कशाला मारतूस?"

"ही कोण रे?"

"गावाकडची शेजारीण," मी म्हणालो आणि पिंप उडवलं.

त्या आवाजासरशी अक्का डोक्यावर हात धरून खालीच बसली. कारखान्यात तिच्या शेजारची बाई अशाच आवाजात गेली होती. हे मला ठाऊक होतं. खोलीतले सगळे मित्र हसले, सर्वांत मोठ्याने मी. मग बटण दाबून मी जनावराची कातडी सोलू लागलो. वळून पाहिलं तेव्हा दारात नुसता डबा होता.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यात घालून मी तिला पत्र पाठवलं:

"ती. अक्कास सा. न. परीक्षा जवळ आली आहे. यापुढे डबा एसटीने पाठवत जा. तू येऊ नकोस, मित्रांचा अभ्यास मोडतो."