बटणावरचा पहिला नंबर

इस्पितळात त्याला सगळे उपटे म्हणत. आडनाव नव्हे हं ते. चांगली चालू असलेली केबल हातानं उपटून बघायची त्याला खोड होती, म्हणून पडलेलं नाव. रुग्णांचे एक्स-रे, स्कॅन, रिपोर्ट जिथं साठवले जात त्या तळघरातल्या थंडगार खोलीवर त्याचं राज्य होतं. पंख्यांची घरघर इतकी की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे, आणि मोबाइलला रेंज नावालाही नाही.

तिथलं काम ऐकायला सोपं. प्रत्येक सर्व्हरमधून डिस्कांच्या मोठ्या कपाटाकडे दोन वाटा जात, म्हणजे दोन केबली. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. पण दोन्ही चालू असताना आधी कुठली वापरायची? ते ठरवायला त्यानं एक एवढीशी कमांड लिहिली होती. काळ्या पडद्यावर ती टाइप करायची, पुढे वाटेचं नाव द्यायचं, की ती कपाटाला विचारून एक आकडा छापायची. मोठा आकडा असलेली वाट पहिली, लहान आकड्याची तिच्या मागे. ना चित्र, ना रंग. त्याला मात्र तिचं कोण कौतुक! "एका आकड्यात उत्तर देते. उगाच पाल्हाळ नाही," असं तो शहाण्या लेकीबद्दल बोलावं तसं सांगायचा.

आणि गंमत म्हणजे त्या आकड्यावर त्याचाच विश्वास नसे. "आकडा नुसता मान सांगतो, वाट जिवंत आहे की नाही ते नाही सांगत," म्हणायचा, आणि अधूनमधून साहेबांची परवानगी काढून पहिली केबल खसकन उपटायचा. काम दुसरीवरून चालू राहिलेलं दिसलं की मगच त्याचा जीव भांड्यात पडे. साहेब कपाळाला हात लावत. "अहो उपटे, चालतंय ते चालू द्या की!" पण तो ऐकतोय कसला.

घरी तो आणि वडील, दोघंच. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की तो विषय बदलायचा. वडिलांचे गुडघे गेलेले, दिवसभर घरात एकटे. म्हणून त्यानं त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक बटण घातलं होतं. दाबलं की आपोआप फोन लागायचा, आणि बटणातूनच बोलता यायचं. पहिला नंबर कुणी उचलला नाही तर दुसरा लागायचा.

धाकटी बहीण कपडे शिवायची, तिचं दुकान घरासमोरच, रस्त्यापलीकडे. ती म्हणाली होती, "दादा, माझा नंबर आधी घाल. मी हाकेच्या अंतरावर आहे. तू तिकडे तळघरात."

"मोठा मी आहे. बाबांची जबाबदारी माझी," तो फणकारला. "माझा नाही लागला तर तुला लागेलच. हेच काम करतो मी दिवसभर. मला शिकवू नकोस."

"बरं बाबा, तू शहाणा," म्हणून ती गेली. ती दुखावली आहे हे त्याला कळलं होतं, पण बटणावरचा पहिला मान सोडवेना.

मग इस्पितळात नवं कपाट आलं. त्याची उत्तरं देण्याची तऱ्हा निराळी, ती त्या कमांडला उमगेना, आणि कमांड सगळ्याच वाटांना एकच आकडा देऊ लागली. झालं! सगळ्याच पहिल्या. काही सर्व्हर या बाजूनं ओढू लागले, काही त्या बाजूनं, आणि कपाट बिचारं काम इकडून तिकडे टोलवत बसलं. डॉक्टरांसमोर स्कॅन अर्धवट उघडून अडकू लागले. सकाळपासून तो तळघरात तोंडात पाण्याचा थेंब न घेता बसला. रात्री कमांड ताळ्यावर आली. एक आकडा मोठा, एक लहान. सवयीप्रमाणे त्यानं केबल उपटून पाहिली आणि खूश होऊन जिना चढू लागला. वरच्या पायरीवर मोबाइलला रेंज आली, आणि बहिणीचे मेसेज एकामागून एक येऊन आदळले.

बाबा दुपारी स्वयंपाकघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. शिवलेला सदरा द्यायला ती संध्याकाळी गेली तेव्हा तिला दिसले. त्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर तिनं त्यांना आणलं होतं.

तो धापा टाकत खाटेजवळ पोचला. "बाबा, बटण का नाही दाबलंत?"

"दाबलं की," बाबा क्षीण आवाजात म्हणाले. "तू बोललास ना. म्हणालास, मी आत्ता कामात आहे, थोड्या वेळानं फोन करतो. म्हणून थांबलो. परत कशाला दाबायचं? तुझ्या कामात खोळंबा."

मग त्याला उलगडा झाला. फोनला रेंज नसली की त्याच्याच आवाजातला तो निरोप वाजायचा. त्यानंच हौसेनं भरलेला. निरोप वाजला म्हणजे कुणीतरी फोन उचलला, असं त्या बटणाला वाटलं, आणि दुसरा नंबर त्यानं लावलाच नाही. बाबा गार फरशीवर पोराच्या फोनची वाट बघत पडून राहिले होते, आणि समोरच्या दुकानात लेकीचं शिलाई मशीन चालू होतं. इस्पितळातली प्रत्येक केबल उपटून बघणाऱ्या या माणसानं घरी एकदाही स्वतःचा फोन बंद करून ते बटण दाबून पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

"तुझं बरोबर होतं," तो बहिणीला म्हणाला. ती चार शब्द सुनावेल असं त्याला वाटलं होतं.

"राहू दे रे आता," एवढंच ती म्हणाली. ते त्याला जास्त लागलं.

बाबा घरी आले त्या दिवशी त्यानं तो निरोप पुसून टाकला, आणि बटणावर बहिणीचा नंबर पहिला घातला, आपला दुसरा. मग म्हणाला, "बाबा, दाबा बरं." नुसतं बघायचंय हे बहिणीला सांगून ठेवलं होतं, तरी ती गळ्यात टेप तशीच लोंबकळत ठेवून धावत रस्ता ओलांडून आली.

"आता तुझा फोन बंद कर," तो तिला म्हणाला. "बाबा, पुन्हा दाबा."

थोडा वेळ गेला आणि त्याच्या हातातला फोन वाजला. त्यानं उचलला. तो खाटेला टेकूनच उभा होता, पण बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बटण तोंडाशी धरून त्यांनी हळूच विचारलं, "तू स्वतः बोलतोयस ना रे? की कामात आहेस?"

"मीच आहे, बाबा," तो फोनमध्ये म्हणाला. "कामात नाहीये."

बाबांनी मान वर केली, त्याचे ओठ खरंच हलताहेत का ते नीट पाहिलं, आणि मगच बटण खाली सोडलं.