हिरोचा मित्र

"हिरोकडे सगळेच बघतात. तुम्ही त्याच्या मित्राकडे बघा."

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा जुना हिंदी सिनेमा दाखवत. दिवे मालवायच्या आधी काका हे हमखास म्हणायचे. मग पडद्यावर तो मित्र यायचा. हिरोसाठी गाणारा, त्याच्या प्रेमाच्या आड न येणारा, आणि शेवटी त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून मरणारा. "बघा, आता गोळी लागणार," काका पुटपुटायचे. आम्ही हसायचो.

काका मयूर विहारला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सरकारी खात्यात अनुवादक होते. त्यांच्याबरोबर रेल्वेतले सक्सेनाजी राहत. सोसायटीत दोघांना 'बॅचलर लोग' म्हणत. तुम्हीही असे दोघे कुठेतरी पाहिले असतील. काका बाहेर निघाले की सक्सेनाजी दारातून ओरडायचे, "मफलर तो ले लो, यार." आई दिवाळीचा फराळ दोघांना मिळून एकाच डब्यात पाठवायची. त्याबद्दल आमच्या घरात कधी कोणी काही बोललं नाही.

सक्सेनाजींना कॅन्सर झाला. सगळं आजारपण काकांनी काढलं. पण ते गेले तेव्हा कानपूरहून पुतणे आले. निगमबोध घाटावर थोरला पुतण्या नम्रपणेच म्हणाला, "अंकल, आप ज़रा पीछे हो जाइए. घरवालों को आगे आने दीजिए."

काका मागे झाले. मी शेजारीच होतो. ते रडले नाहीत. चिता पेटली तेव्हा त्यांनी फक्त चष्मा काढून खिशात ठेवला.

पुढे काही वर्षांनी कोर्टाचा निकाल आला. असं प्रेम आता गुन्हा राहिलं नव्हतं. मंडळातल्या तरुण मुलांनी जुन्या सिनेमातल्या दोस्तीवर कार्यक्रम ठेवला आणि काकांना बोलायला बोलावलं. एका मुलीने विचारलं, "काका, तेव्हा लोकांना कळत नव्हतं का?"

"कळत होतं, बेटा. म्हणून तर मित्राला मारून टाकायचे."

खूप टाळ्या पडल्या. घरी परतताना गाडीत काका म्हणाले, "तो असता तर चिडला असता माझ्यावर. एवढं बोलायची काय गरज होती, म्हणाला असता."

त्यानंतर ते सिनेमाला आलेच नाहीत. गुडघे दुखतात, म्हणायचे. गेल्या थंडीत झोपेतच गेले.

शोकसभेला जेमतेम दहा-बारा माणसं होती. मंडळाच्या सेक्रेटरींनी कागद काढून वाचायला सुरुवात केली. "काका आजन्म अविवाहित होते. त्यांच्या मागे..."

"अविवाहित नव्हते," माझी आई बसल्या जागेवरून म्हणाली. या विषयावर तिच्या तोंडून निघालेला तो पहिलाच शब्द. "विधुर होते."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि कागदावर दुरुस्ती केली.