लोणावळ्याची हवा आणि कामशेतच्या बाजारातला एक प्रश्न

डॉक्टरांनी ह्यांना हवापालट सांगितला आणि मी लगेच सामान बांधायला घेतलं. पण औषधाला न जुमानणारं दुखणं नुसत्या हवेनं कसं जाईल, ही धाकधूक मनात होतीच.

आमचे हे पुण्यात ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. आमची शिकवण अशी, की तारण, म्हणजे पापातून सुटका, ही सर्वस्वी देवाची कृपा. कोणाला वाचवायचं हे त्यानं जग घडवण्याआधीच ठरवलंय, आणि तेही माणसाची लायकी न बघता. मला या गोष्टीनं नेहमी धीरच दिला. ह्यांच्या मनात मात्र तिनं काटा रुतवला: माझी निवड झालीच नसली तर? जेवण सुटलं. उपदेशाला उभं राहिलं की घाम फुटायला लागला.

पुण्याहून येणार असाल तर सकाळची गाडी धरा. हल्ली इंजिन विजेचं असल्यामुळे डोळ्यांत कोळसा जात नाही. तळेगाव सुटलं की वारा बदलतो, डोंगर जवळ येतात. मला ते सगळं दाखवायची घाई, आणि हे खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसलेले. लोणावळ्यात स्टेशनाजवळ बरी खोली मिळाली. एवढंच, की पाण्याची सोय आधी विचारून घ्यावी. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात.

दुसऱ्या दिवशी टांग्यानं भुशीला गेलो. टांगा जाऊन-येऊन ठरवावा, कारण तिथून परतायला काही मिळत नाही. रेल्वेनं बांधलेला तो तलाव; पाणी खूप खाली गेलं होतं. मी सावलीत डबा उघडत होते. मान वर केली, तर हे बांधाच्या अगदी कडेला! डबा तिथंच टाकून धावत गेले आणि ह्यांचा दंड धरला.

"अगं, उडी नाही मारत मी."

"मग काय बघताय?"

"मी सगळ्यांना 'या' म्हणतो. ज्यांची निवडच नाही, त्यांना फसवत तर नाही ना? आणि त्यांच्यातलाच मी असलो तर?"

मी ह्यांना ओढत सावलीत आणलं. "भाकरी खाऊन घ्या," म्हणाले. दंड मात्र टांग्यात बसेपर्यंत सोडला नाही.

परतताना कामशेतला उतरलो. तिथल्या ओळखीच्या मास्तरांनी ह्यांना बाजारच्या दिवशी चार शब्द बोलायला बोलावलं होतं, आणि ह्यांना नाही म्हणवलं नव्हतं. बाजार झकास. मावळचा तांदूळ घ्याच, आणि पळसाच्या द्रोणातली करवंदंही. हे झाडाखाली उभे राहिले. माणसं जमली. ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. लोक चुळबुळू लागले. शेवटी मीच पुढं झाले. आयुष्यात कधी चारचौघांत बोलले नव्हते. म्हटलं, "थकलेल्या सगळ्यांना येशू बोलावतो, विसावा देतो. एवढंच मला ठाऊक आहे."

वडिवळ्याहून आलेली एक करवंदवाली म्हातारी ह्यांच्याकडं वळली. "भाऊ, ह्ये बोलावनं आमा डोंगरातल्यांना बी हाय का?"

हे दचकले. मला वाटलं, आता कोसळतात.

"हो मावशी," म्हणाले. "तुम्हालाही."

"देवानं आमाला नगं म्हनलं आसंल तर?"

"असं त्यानं मला सांगितलेलं नाही." हे एक पाऊल पुढं आले. "कोणाला निवडलंय ते त्याचं त्यालाच ठाऊक. मला सांगितलंय ते एवढंच, की सगळ्यांना बोलवायचं. आणि जो येईल त्याला तो परतवून लावत नाही."

"आन तुमी?"

"मीही... त्याच बोलावण्यावर जायचं म्हणतो."

"मंग बरं," म्हणाली ती, आणि गिऱ्हाइकाकडं वळली. तिनं पुढं काय मानलं, देव जाणे.

घरी येऊन महिना होत आला. हे दोन वेळा जेवतात. भीती गेली असं मी म्हणणार नाही. उपदेशाच्या दिवशी सकाळी अजून येरझाऱ्या घालतात आणि माझाही जीव खालीवर होतो. लोक विचारतात, हवा मानवली का? मी हो म्हणते. पण गेल्या रविवारी उपदेश ऐकताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी हे म्हणायचे, "देव तुम्हाला बोलावतो आहे." आता म्हणतात, "आपल्याला."