काकाचं गॅरेज आणि हिरवा ऑइलपेंट

आमच्या काकाने आयुष्यात एकच गोष्ट वेळेवर केली, ती म्हणजे रिटायर झाला. आणि तीही ऑफिसने ठरवली, याने फक्त सही केली.

काकाचं एक घर भाड्याने दिलंय. शेजारी गॅरेज. गाडी कधीच नव्हती, म्हणून तिथे भाडेकरू बाई पडदे शिवतात. आठ वर्षं! नळ गळला तर स्वतः वायसर बदलतात, काकाला कळवतही नाहीत. असं माणूस शोधून सापडत नाही. पण यंदा गॅरेजचं छत गळायला लागलं आणि मागच्या भिंतीला पोट आलं.

बाई सरळ म्हणाल्या, "भाऊ, दुरुस्त करा, नवं बांधा, नाहीतर पाडा, मी अंगणात पत्रा टाकून बसेन. पण पंधरा दिवसांत काय ते सांगा. मशीनवर पाणी पडतंय. नाही जमलं तर मी चालले."

इतकं सोपं! पण काकाने वही काढली, पट्टीने तीन रकाने आखले आणि जगाला विचारत सुटला. न्हाव्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. मलासुद्धा! मी म्हटलं पाड. त्याने लिहून घेतलं आणि खोडलं.

गवंडी आला. भिंतीला अंगठा लावला, माती खाली पडली.

"साहेब, ही भिंत फक्त सवयीने उभी आहे."

"म्हणजे दुरुस्त होईल?"

"पाडा."

"पण पाडली, आणि मग वाटलं की दुरुस्तच करायला हवी होती, तर?"

गवंड्याने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

काकू म्हणाली, "याने चष्म्याची फ्रेम निवडायला चार महिने घेतले. तोवर नंबर बदलला."

चौदाव्या दिवशी बाई मापं घ्यायला बाहेर गेल्या होत्या. तेवढ्यात या शहाण्याने बंद शटरला हिरवा ऑइलपेंट फासला. जाड, दोन हात! का? तर "ठरेपर्यंत जरा बरं दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर हलेना. पट्ट्यांच्या फटींत रंग सुकून घट्ट बसलेला. आत बाईंचं मशीन आणि एका अख्ख्या हॉलचे पडदे, दुपारी द्यायचे होते. काकाने जोर लावला, हँडल हातात आलं.

"आपण पेंटरला विचारू," म्हणाला. हँडल हातात धरून!

बाई मागे गेल्या आणि कात्रीच्या मुठीने एक वीट ढकलली. टोस्टसारखी तुटली. दहा मिनिटांत माणूस जाईल एवढं भोक! आधी पडदे काढले, मग स्टूल, मग मी आणि बाईंनी मिळून मशीन.

"भाऊ, उद्या बाकीचं सामान नेते. जागा मी चौथ्याच दिवशी बघून ठेवली होती. वाटलं, तुम्ही काहीतरी ठरवाल."

आठ वर्षं टिकलेली बाई टेम्पोत बसून गेली, आणि हा काय करतो? शटरला कुलूप घालतो! वर दोनदा ओढून बघतो, लागलंय का.

मला राहवेना. मागच्या भोकातून आत शिरले आणि शटरवर आतून धाडधाड थापा मारल्या.

बाहेरून आवाज आला, "कोण आहे आत? थांबा हं... किल्ली आणू, का नको?"