विहिरीतला दम आणि अंदमानची बोट

यवतमाळहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लांबच. तरीही आमच्या माहेरी पाण्याला भिणारं माणूस शोधून सापडायचं नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते. राळेगावकडच्या आमच्या गावी बाबांच्या शेतातली विहीर हीच आमची पोहण्याची शाळा होती. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, बाबांनी काठावरून ढकलायचं आणि हातपाय चालायला लागले की डबा सोडायचा. माझी मोठी बहीण शोभाताई त्यातली पट्टीची. गावात कुणाची बादली विहिरीत पडली की आमच्याकडे निरोप यायचा. ताई दम धरून तळाशी जायची आणि बादली घेऊन वर यायची. काठावरच्या बायका काळजीने अर्ध्या झालेल्या असायच्या आणि ही डोकं वर काढून विचारायची, "खाली एक कळशीबी हाये, कोनाची हाये थे?"

पुढे तिचं लग्न होऊन ती उमरखेडला गेली. सासरच्या शेतातही विहीर होती. पण सुनेनं पाण्यात उतरायचं नाही असं सासूबाई म्हणाल्या, भाऊजींनी मान हलवली आणि ताईचं पोहणं तिथेच संपलं. मागच्या दिवाळीत तिच्या नातीने मोबाइलवर समुद्राच्या तळाचा व्हिडिओ दाखवला आणि ताईचा मला फोन आला. "माधुरी, मले तिथं खाली जायचं हाये. छप्पन वर्षांची झाली मी. आता नाही तं कवा?"

मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापडी पिशव्या शिवण्याचं युनिट चालवते. कुठला माल कुठे, कसा आणि केव्हा पोचवायचा हे माझं रोजचं काम, त्यामुळे सहल आखायला मला कुणाची मदत लागत नाही. आधी मी अंदमानची नेहमीची डायव्हिंगची सहल पाहिली. जेट्टीवर रांग, सगळ्यांना रबराचे घट्ट सूट, वीस मिनिटं पाण्यात आणि पुढचा नंबर. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार लोकाईसमोर तसा सूट घालून म्या उभं राहू? आन् तिथं पोचली नाही तं कोनी म्हनीन, चला, टाइम झाला. मले नाही पायजे तसं." मग बोटच आपल्यापुरती भाड्याने घ्यायची ठरली.

स्वतःची यॉट म्हटलं की लोकांचे डोळे विस्फारतात. पण तुम्हीही मनात मांडे खात असाल तर ऐका, हे जमण्यासारखं आहे. तीन दिवसांसाठी बोट घेतली, त्यात जेवण, कप्तान, आचारी आणि डायव्हिंग शिकवणारी बाई आली. चौघांपाचांत वाटलं तर प्रत्येकाला लग्नातल्या एका मध्यम दागिन्याएवढा खर्च येतो. आम्ही तिघंच होतो, मी, ताई आणि भाऊजी, म्हणून जरा जड गेलं. ठरवण्याआधी फोनवर नीट खोदून विचारा: बोटीवर ऑक्सिजनचं सामान आहे का, शिकवणाऱ्याकडे कार्ड आहे का, रात्री बोट थांबवायची परवानगी कुणी काढायची, हवा बिघडली तर पैशांचं काय. जो उत्तरं द्यायला कंटाळतो त्याची बोट घेऊ नका. आमच्या बोटवाल्याने आमच्या वयाला डॉक्टरचा कागदही मागितला आणि तेव्हाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

सरावाचं वेळापत्रकही मीच आखलं. तूर निघेपर्यंत दर रविवारी मी यवतमाळहून आणि ताई उमरखेडहून बाबांच्या विहिरीवर यायचो. दम किती वेळ टिकतो ते मोबाइलवर मोजायचो आणि दर रविवारी तो थोडा वाढवायचो. इतक्या वर्षांनी उतरलेली ताई तिसऱ्या रविवारी माझ्या दीडपट वेळ खाली राहिली. मी कपाळाला हात लावला आणि तिला म्हटलं, "तू तर समुद्राला पाणी पाजशील."

फेब्रुवारीत निघालो. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर, रस्ता छान आहे, तीन तास धरा. वाटेत तर्री पोहे खाल्ले कारण पुढचे पाच दिवस ते मिळणार नव्हते. नागपूरहून चेन्नई, तिथे एक मुक्काम आणि सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअर. ताईच्या बॅगेत सांबारवड्या (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), ठेचा आणि ज्वारीचं पीठ निघालं. बोटीवरचा आचारी ते पीठ हातावर घेऊन पाहत राहिला आणि त्या दिवसापासून एका वेळचा स्वयंपाक ताईकडे आला.

बोट म्हणजे दोन पोटांची, शिडाची कॅटामरान. दोन खोल्या, मागे बसायला मोठी जागा, पुढे जाळं बांधलेलं, त्यावर आडवं पडलं की खाली पाणी. उमरखेडला खता-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या भाऊजींना पोहता येत नाही. ते चढल्या चढल्या लाइफ जॅकेट घालून बसले आणि झोपतानाच काय ते काढत. पाण्याचा रंग कसा होता हे मी किती वेळा लिहून खोडलं. निळा म्हणावा तर खालची वाळू दिसत होती आणि हिरवा म्हणावा तर मन भरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका बेटाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, शिकवणी सुरू झाली. शिकवणारी ग्रेस तिशीतली, अंदमानातच वाढलेली, हिंदी बोलणारी. पाठीवर टाकी, तोंडात नळीचं रबरी टोक, आणि पहिलाच नियम सांगितला: श्वास कधीही रोखायचा नाही. खोलवरून वर येताना छातीतली हवा फुगत जाते. ती बाहेर सोडली नाही तर फुप्फुसाला इजा होते, जिवावरही बेतू शकतं. मी ते ऐकलं आणि माझे सगळे रविवार डोळ्यांपुढून गेले.

मला सवय मोडायला तासभर लागला, पण मोडली. ताईची मोडेना. पाण्याखाली डोकं गेलं की तिची छाती आपोआप बंद व्हायची, लहानपणापासून ती तेच करत आली होती. ग्रेसने तिला खाली बसवलं, बुडबुडे येईनात. पुन्हा बसवलं, दोनचार आले आणि थांबले. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी ग्रेसने मास्क काढला आणि शांतपणे सांगितलं, "दीदी, आप तैरती मुझसे अच्छा हैं. लेकिन साँस रोकेंगी तो मैं आपको नीचे नहीं ले जाऊँगी. कल सुबह एक बार और देखेंगे."

बोटीचा उद्या शेवटचा दिवस होता. म्हणजे उद्याची सकाळ हुकली की संपलं.

ताई पुढच्या जाळ्यावर जाऊन बसली. जेवली नाही. गावची बुडी मारणारी शोभा इथवर येऊन कोरडी परत जाणार, आणि तेही मी करून घेतलेल्या सरावामुळे, हे मला सहन होत नव्हतं. भाऊजी जॅकेटसकट तिच्याजवळ सरकले आणि त्यांनी नेमकं नको तेच तोंडातून काढलं. "जाऊ दे ना. मासे वरूनबी दिसतेत."

ताई वळली. "वरून दिसतेत? सारा जल्म वरूनच पाह्यलं म्या! तुमच्या मायनं सांगतलं, इहिरीत उतरू नको, तवा तुमी मान हालवली. एक शब्द नाही बोलले. काहून नाही बोलले? दरसाल नागपंचमीले म्या काठावर उभी राहो आन् तुमचे भाऊ पोहेत. म्या त्याईचे टॉवेल धरो." ती बोलत राहिली. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. मला तिचं वाईट वाटत होतं, भाऊजींचंही थोडं वाटत होतं, आणि तरी माझं लक्ष भलतीकडेच गेलं. ताईचा श्वास एकदाही अडकला नव्हता. इतकं बोलायचं तर हवा आत घ्यावी लागते आणि सोडावीही लागते.

सकाळी मी ग्रेसला विचारलं की नळी तोंडात ठेवून आवाज काढला तर चालतं का. ती म्हणाली, चालतं, घाबरलेल्यांना ती गुणगुणायलाच सांगते. मी ताईला म्हटलं, "गाणं-बिणं नको. तू खाली भाऊजींना बोलत राहा. कालचं अर्धंच झालं होतं."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बोल. खालचं मले वर ऐकू नाही येत."

छातीएवढ्या पाण्यात तिने डोकं बुडवलं. आतून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि बुडबुडे आले, मग आणखी आले. ग्रेसने बराच वेळ तिला तिथेच ठेवलं, पुन्हा पुन्हा पारखलं, आणि मग अंगठा आणि तर्जनी जोडून मला खूण केली. डायव्हिंगवाल्यांत या खुणेचा अर्थ सगळं ठीक असा.

प्रवाळाच्या जागी मी आधी जाऊन आले. त्याबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण माझा जीव ताईत अडकला होता. ती ग्रेसचा हात धरून शिडीवरून उतरली आणि दिसेनाशी झाली. वर राहिलो मी आणि भाऊजी. पाण्यावर बुडबुड्यांचे झुबके येत होते. भाऊजी कठडा दोन्ही हातांनी धरून ते पाहत होते. मध्येच बुडबुडे थांबले. भाऊजी कठड्यावरून आणखी खाली वाकले. "थांबली काय व ते?" मी काही बोलायच्या आत मोठा झुबका आला, मग दुसरा. ते खाली बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "बोल बापा, बोल. बोलत राह्य."

ती वर आली तेव्हा तिच्या गालांवर मास्कचे वळ होते. भाऊजींनी तिला टॉवेल दिला, अंगावर नीट पांघरला.

तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट: शेवटच्या बुडीनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. पूर्ण एक दिवस जमिनीवर ठेवा आणि परतीचं तिकीट तसंच काढा. आम्ही तो दिवस पोर्ट ब्लेअरच्या बाजारात शंख न घेता घालवला. शंख-प्रवाळ आणायला बंदी आहे आणि ते बरंच आहे. सरावही करा, पण आमच्यासारखा नको. पोहणं उपयोगी पडतं, भीती जाते. दम धरायची सवय मात्र गावीच ठेवून या. पुन्हा जाईन का? पैसे जमले की नक्की, आणि बोट आपलीच घेऊन.

मागच्या आठवड्यात फोटोंचे प्रिंट द्यायला उमरखेडला गेले होते. भाऊजी दुकानात होते. ताई भाकरी थापत होती. मी विचारलंच, "खाली काय काय बोललीस त्यांना?"

ती हसली. "सारंच. लग्नापासूनचं काढलं. सासूचं, इहिरीचं, टॉवेलाचं." तिने भाकरी उलटली. "मंग थे पिवळे मासे आले ना, तोंडाजवळून गेले, तवा पाह्यतो तं बोलायचं काहीच नाही राह्यलं. मले भेव वाटलं व माधुरी. म्हटलं, आता बोलनं सरलं, आता आपला दम कोंडते."

"मग?"

"मंग काही नाही. श्वास चालूच होता."