सोमवारचा निळा धूर

आमची जीप धूर सोडायला लागली आणि रहिमतपूरच्या डेअरीवरचा प्रत्येक माणूस डॉक्टर झाला. "वहिनी, पंप गेला." "नोझल चोंदलं असणार." "डिझेलात भेसळ हाय, दुसरं काय!" एकाने तर गाडीची दृष्ट काढायला सांगितली. मी म्हटलं, "आदी तुमच्या जिभेची काढते." दुधाचे कॅन उतरवले आणि निघाले. मागे धुराचा निळसर पट्टा, आणि त्यात खोकणारी चार माणसं. खोटं कशाला बोलू, खोकणाऱ्यांकडे बघून बरंही वाटलं.

पण घरी येईपर्यंत ते बरं वाटणं उतरलं. आमची वस्ती गावापासून लांब, ओढ्यापलीकडे. तिथे आम्ही दोघंच राहतो, मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणते, नवरा आबा म्हणतो. नवरा फौजेत, मुलगा साताऱ्याला होस्टेलवर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं आणि पलीकडच्या काळ्या रानात असा चिखल होतो की मोटरसायकलचं नावच नको. चारही चाकांना जोर देणारी ही म्हातारी जीप मात्र कण्हत-कुंथत का होईना, पार करते. मामंजी फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी ती घेतली आणि मला चालवायलाही त्यांनीच शिकवलं. वर्षभरापूर्वी गुडघा दुखतो म्हणून त्यांनी स्टेअरिंग सोडलं. तेव्हापासून दूध, पेंड, बाजार, सगळं माझ्याकडे आलं.

धुराचं ऐकून नवऱ्याने फोनवर निकालच दिला. "इंजिन उतरवायचं असंल तर गाडी भंगारात घाल. पावसाच्या आदी म्हशी विकू, साताऱ्यात फ्लॅट घेऊ. गाडी न्हाई तर तिथं ऱ्हाणार कसं? आबांना काय झालं तर दवाखान्यात नेणार कशातनं?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. मामंजी पलीकडे बाजेवर बसून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. "तिसऱ्या मजल्यावर मी करू काय गं?" एवढंच म्हणाले. पेन्शनच्या पैशातून त्यांनी वस्तीवरची विहीर खोदली होती. सासूबाईंना अग्नी दिला तोही वस्तीवरच्याच बांधाच्या कडेला. त्यांना तिथून उचलायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. आणि मलाही जायचं नव्हतं. म्हशी सोडून मी फ्लॅटमध्ये करणार काय, भिंती धूत बसू?

मिस्त्रीने गाडी बघितली. बरा माणूस, उगाच घाबरवत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, असं त्याने सांगितलं. निळ्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, आतल्या रिंगा झिजल्या, इंजिन उतरवा. मग त्याने ऑइल मोजायची काडी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, ऑइल तर जितल्या तितं हाय. इंजिनातलं ऑइल जळतंय तर काडीवर कमी दिसाय पायजे का नको? आनि गाडी वढती बी झकास." शेवटी म्हणाला, "जरा थांबा. उतरवायचं तर हायच, पन मन घेत न्हाई."

माझं माहेर जतकडचं, मेंढरांचं घर. मेंढरू सुस्तावलं की माझे वडील त्याला हात लावायच्या आधी राखणाऱ्याला विचारायचे, "काल कुठं चारलंस? पाणी कुठं पाजलंस?" दुखणं पोटात असलं तरी ते तोंडातूनच आत गेलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी तेच सुरू केलं. धूर कसा आहे ते सोडून दिलं आणि कधी आहे ते बघायला लागले. सोमवारी दाट. आठवड्याच्या मध्याला विरळ. शनिवारी तर डेअरीवाल्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. आणि सोमवारी पुन्हा सगळे नाकाला रुमाल लावून उभे.

म्हणजे गाडी रविवारी काहीतरी खात होती. आणि रविवारी आमच्याकडे मेंटेनन्स परेड असते. फौज सुटली तरी मामंजींची ही परेड सुटलेली नाही. सकाळी गाडी धुवायची, नट आवळायचे, आणि एअर क्लीनरच्या तळाची वाटी काढून त्यातलं ऑइल बदलायचं. रस्त्यावरची धूळ त्या ऑइलात अडकते आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते. आमच्याकडे धुळीला काय तोटा! म्हणून ते काम ते कधी चुकवत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला करूही देत नाहीत.

त्या रविवारी मी शेंगा फोडायचं निमित्त करून जवळ बसले. त्यांनी वाटी काढली, जुनं ऑइल ओतलं, फडक्याने लख्ख पुसली. हात असे चालत होते की बघत राहावं. मग नवं ऑइल ओतायला लागले. वाटीच्या आत एक रेघ असते, तिथे थांबायचं. ऑइल रेघेपाशी आलं, रेघ बुडली, ते ओततच राहिले. कडेला आल्यावर त्यांनी बोट घातलं, ओलं लागलं तसं म्हणाले, "झालं."

"मामंजी, रेघ कुठाय ओ?"

"ही काय." त्यांनी बोट ठेवलं ते वाटीच्या कडेवर. रेघ खाली ऑइलात होती.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ते जादाचं ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढलं जात होतं आणि निळं होऊन बाहेर पडत होतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं आमचं चाललं होतं. मी वाटी घेतली, जादाचं ऑइल डब्यात ओतून काढलं. ओतल्याचा आवाज त्यांनी ऐकला. त्यांना कळलं.

"सगळं धुक्यात दिसतंय बग," ते हळूच म्हणाले. "वरीस झालं, वाढतच चाललंय."

"आन् गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीया!" मग आवाज आणखी उतरला. "पोराला सांगू नगंस. डोळं गेलं म्हनून कळलं तर त्यो मला आजच न्हील."

आधी मला राग आला. धुक्यात बघत हा माणूस विहिरीवर जात होता, म्हशींच्या पायात वावरत होता. पण बायको नाही, मुलगा लांब, हा सांगणार कुणाला? आणि मग एकदम हायसं वाटलं. धुकं म्हणजे मोतीबिंदू असणार, आणि मोतीबिंदू काढता येतो. मी त्यांचा ऑइलाने माखलेला हात धरला. "सांगणार मी," म्हटलं, "पन डॉक्टरला दाखवल्यावर."

मिस्त्रीने एअर क्लीनर आणि त्याचा पाइप उघडून साफ केला, आतलं साचलेलं तेल काढलं. "देवच पावला ताई. एकाद्या चढाला इंजिनानं हे सगळं गपकन वढलं असतं, तर चावी काढून बी थांबलं नसतं, त्याच तेलावर पळत सुटलं असतं." इंजिन उतरवायची वेळच आली नाही. सोमवारी डेअरीवर मी गाडी मुद्दाम चालू ठेवली. एकजण वाकून मागे बघून आला आणि त्याने नाकावरचा रुमाल खिशात घातला. मला हसू आवरेना.

सांगलीच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच निघाल्याचं सांगितलं. पिकलेला, पण बाकी डोळा निरोगी. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबांनी मला का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, "तू फ्लॅट बघत होतास न्हवं!" तेव्हा तो बारीक आवाजात म्हणाला, "ठीक है. फ्लॅटचं ऱ्हाऊ दे."

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि मी त्यांना जीपमधूनच घरी आणत होते. सांगली सुटेपर्यंत त्यांनी एकही पाटी वाचायची सोडली नाही. हॉटेलं, खतांची दुकानं, ट्रकच्या मागची वाक्यं, सगळं मोठ्याने. मग पाट्या संपल्या आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

"पोरी, लय वाळलीस गं तू. कवापासनं?"

"न्हाई ओ, तुमाला आता नीट दिसाय लागलंय."

"म्हनून तर इचारतोय."

माझे डोळे भरून आले आणि मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी माझा फोन उचलला, नंबर स्वतः बघून लावला आणि पोराला म्हणाले, "गाडीचा धूर गेला. माजं डोळं आलं. तुजी बायकू आता चार दिस म्हायारी जाणार हाय. म्हशीला, वस्तीला मी हाय."