केतकीचा तिरका घोडा

"तू आई आहेस की पंच?" अंबरीशने बूट काढता काढता पुन्हा सुरू केलं.

"हॉलमध्ये पंच," कांचनने कुकर गॅसवर चढवला. "त्या मुलानं तक्रार केल्यावर मी काय छताकडे बघायचं?"

"जिंकत होती गं पोरगी! शेवटचा डाव, राज्याच्या संघातली जागा, आणि सख्ख्या आईनं घालवली."

झालं होतं एवढंच. नेहरू नगरातल्या या घरात डब्याचं झाकणही तिरकं राहत नाही; सासूबाई, प्रमिलाबाई, जाता-येता चपला सरळ करतात. तीच सवय नातीच्या बोटांत. रॅपिडच्या, म्हणजे झटपट बुद्धिबळाच्या, डावात घोडा जरा वाकडा दिसला आणि केतकीने तो नीट केला. आधी 'ॲडजस्ट' म्हणायचं असतं, ते राहिलं. समोरच्याने लगेच हात वर केला, "मैम, घोड़ा छुआ है, यही चलना पड़ेगा." पंच दोघेच, रांगा वाटून घेतलेल्या, ही रांग कांचनची. तिने पाहिलं होतं. घोडा हलवावा लागला, मागचा वजीर उघडा पडला आणि डाव गेला.

कांचन अमरावतीची. लग्न होऊन भोपाळला आली तेव्हा तिला उंट आणि हत्ती ओळखता येत नव्हते. मग लेकीला स्पर्धांना नेताना हॉलबाहेर बसून इतर आयांच्या सासूपुराणाचा तिला वीट आला. तिने नियम पाठ केले, पंचांची परीक्षा दिली. आता तिच्या एका नजरेने हॉलभर पोरं गप्प होतात. हे तिला आवडतं, आणि ती ते लपवत नाही.

"सोड बाई ते पंचपण," प्रमिलाबाई म्हणाल्या. "घरात आहेसच की सरपंच."

"आजी, मी लावलाच होता हात," केतकी म्हणाली. "पण मम्मी, तुला बघायला माझाच बोर्ड मिळाला?"

"बाकीचे कंटाळवाणे खेळत होते."

केतकीला हसू फुटलं. ते पाहून अंबरीश जास्तच चिडला. "म्हणजे तू सोडणार नाहीस?"

कांचनने ताटं मांडली.

"रविवारी इंदूरला स्पर्धा आहे. मी पंच आहे, केतकी खेळणार आहे. तिच्या रांगेवर दुसरे पंच असतील, तसं मी कळवलंय. आम्ही पहाटे निघू. आई, त्या दिवशी स्वयंपाक हे करतील."